लिंक तीच, मजकूर दुसराच: इतरांच्या हातातल्या फाइलमधला संदर्भ टिकवायचा कसा?

जून २०११. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हिंसक व्हिडिओ गेम्सबद्दलच्या एका खटल्यात निकाल दिला. अल्पवयीन मुलांना असे गेम विकण्यावर बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा कोर्टाने रद्द ठरवला. 'ब्राउन विरुद्ध एंटरटेनमेंट मर्चंट्स असोसिएशन' या नावाने हा खटला ओळखला जातो. न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी निकालासोबत आपलं स्वतंत्र मत लिहिलं आणि त्यातल्या एका तळटीपेत एका वेबसाइटची लिंक दिली.

पुढे त्या वेबसाइटची नोंदणी संपली. कुणीतरी ते रिकामं झालेलं डोमेन विकत घेतलं आणि तिथे एक खोडसाळ मजकूर टाकला. त्याचा अर्थ साधारण असा होता: तुम्ही या पानाचा हवाला सुप्रीम कोर्टाच्या निकालात दिला नाहीत, हे बरंच झालं, दिला असता तर मूळ मजकूर केव्हाच गायब झाला असता आणि कुणीही येऊन ही जागा विकत घेऊन इथे काहीही लिहिलं असतं.

निकाल तोच, तळटीप तीच, लिंकही तीच. समोर दिसणारा मजकूर मात्र भलत्याच माणसाचा.

ही अडचण फक्त कोर्टाची नाही. ग्रुपवर फिरणारी सरकारी पीडीएफ, सोसायटीच्या हिशोबाची शीट, विकिपीडियाचं पान, यूट्यूबच्या व्हिडिओतलं "४ मिनिटं १० सेकंदांनी बघा" हे सगळे संदर्भच आहेत. आणि ज्याकडे बोट दाखवलंय ती फाइल दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आहे. ती व्यक्ती तुम्हाला न विचारता त्यात बदल करू शकते. मग आपला संदर्भ टिकवायचा कसा?

लिंक मरणं वेगळं, मजकूर सरकणं वेगळं

पहिला प्रकार सगळ्यांना माहीत आहे. लिंक दाबली आणि पान सापडलंच नाही. याला इंग्रजीत 'लिंक रॉट' म्हणतात, म्हणजे लिंक सडणं. दुसरा प्रकार 'कंटेंट ड्रिफ्ट'. इथे लिंक व्यवस्थित उघडते, पण आतला मजकूर पहिल्यासारखा राहिलेला नसतो.

हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बातम्यांमधल्या २२ लाखांहून जास्त लिंक तपासल्या. त्यात एखाद्या ठरावीक पानाकडे नेणाऱ्या लिंकपैकी २५ टक्के पूर्ण बंद पडलेल्या होत्या. १९९८ च्या बातम्यांमध्ये हे प्रमाण ७२ टक्के होतं, तर २०१८ च्या बातम्यांमध्ये ६ टक्के. अभ्यासकांनी उघडणाऱ्या लिंकपैकी काहींचा नमुना घेऊन तोही तपासला. त्यातल्या १३ टक्के लिंकवरचा मजकूर मोठ्या प्रमाणात बदललेला निघाला.

अमेरिकेच्या 'प्यू रिसर्च सेंटर'ने २०२४ मध्ये असाच अभ्यास प्रसिद्ध केला. २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपेजेसपैकी ३८ टक्के पानं २०२३ मध्ये उघडत नव्हती. इंग्रजी विकिपीडियाच्या ५४ टक्के पानांवर संदर्भांच्या यादीत किमान एक तरी मृत लिंक होती.

या दोन्हींत जास्त धोक्याचा कोणता? दुसरा. पान उघडलंच नाही, तर काहीतरी बिघडलंय हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. पान उघडलं आणि भलताच मजकूर दिसला, तर त्याला वाटतं की हवाला देणाऱ्यानेच थाप मारली. किंवा तो बदललेला मजकूरच मूळ मजकूर समजून पुढे पाठवतो.

संदर्भाने चार प्रश्नांची उत्तरं द्यायला हवीत

पूर्ण संदर्भातून चार गोष्टी कळतात:

- कोणता दस्तऐवज? म्हणजे त्याचा पत्ता किंवा ओळख क्रमांक.
- केव्हाचा? म्हणजे त्याची कोणती आवृत्ती.
- त्यातला कोणता भाग? पान, परिच्छेद, ओळ किंवा वाक्य.
- हा तोच आहे का? म्हणजे मध्ये काही बदललं नाही, हे तपासायची सोय.

साधी लिंक यातल्या फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. बाकीच्या तीन प्रश्नांना ती गप्प असते. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

सातबाऱ्याला हे आधीपासून माहीत आहे

ही अडचण कॉम्प्युटरसोबत आलेली नाही. महाराष्ट्रात जमीन असलेल्या प्रत्येक घराला माहीत असलेला सातबारा घ्या. तो इतरांनी बदलायचाच कागद आहे. खरेदी, वारस, बोजा, वाटणी असं काहीही झालं की त्यावरच्या नोंदी बदलतात. तरीही तीस वर्षांपूर्वी जमीन कुणाच्या नावावर होती, हे शोधता येतं. कसं?

कारण प्रत्येक बदलाला फेरफार क्रमांक असतो. त्याची नोंद गाव नमुना ६ मध्ये होते आणि तो क्रमांक सातबाऱ्यावरही येतो. जुन्या मालकाचं नाव खोडरबराने पुसत नाहीत, त्याला कंस करतात. म्हणजे ते नाव आता लागू नाही, पण होतं, हे दिसत राहतं. आजच्या भाषेत फेरफार म्हणजे सातबाऱ्याची 'व्हर्जन हिस्ट्री'.

पत्ता बदलल्यावर काय करायचं, याचंही उत्तर इथे आहे. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली अनेक गावांत जमिनींचं एकत्रीकरण झालं आणि जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. जुन्या खरेदीखतात सर्व्हे नंबर आणि नव्या सातबाऱ्यावर गट नंबर असेल, तर जोड लावायला एकत्रीकरणाच्या वेळचा तक्ता काढावा लागतो. कोणत्या जुन्या नंबरचा कोणता नवा गट झाला, हे त्यात असतं. वेबसाइटवर जुनी लिंक आपोआप नव्या पानावर नेते, त्याला 'रीडायरेक्ट' म्हणतात. हा तक्ता तेच काम करतो. तो हाताशी नसेल तर काय हाल होतात, हे जमिनीच्या वादात अडकलेल्यांना विचारावं.

राज्य सरकारच्या शासन निर्णयांचंही, म्हणजे जीआरचं, असंच आहे. जीआरच्या शेवटी एक लांबलचक संकेतांक असतो आणि हा आदेश डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केल्याचं वाक्य असतं. संकेतांकाच्या सुरुवातीचे ८ आकडे साधारणपणे तारीख सांगतात. जीआरमध्ये चूक निघाली तर सहसा वेगळं शुद्धिपत्रक निघतं आणि त्यात मूळ निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक लिहिलेला असतो. सरकारी कागदांत 'समक्रमांकाचा, अमुक दिनांकाचा शासन निर्णय' असा उल्लेख भेटतो, तोही याचमुळे. एकाच क्रमांकाखाली वेगवेगळ्या तारखांचे निर्णय असू शकतात. नुसता क्रमांक सांगून भागत नाही, दिनांकही लागतो.

त्यामुळे ग्रुपवर जीआरची पीडीएफ आली की आधी संकेतांक बघावा. तो सरकारच्या साइटवर टाकून मूळ प्रत काढावी आणि नंतर शुद्धिपत्रक निघालंय का, हेही पाहावं. फिरत आलेल्या पीडीएफचं नाव कुणीही बदलू शकतो, मधलं पान कुणीही वगळू शकतो.

"पान ४, ओळ ७" का फसतं?

दस्तऐवजातली जागा सांगायची सोपी पद्धत म्हणजे मोजणी. अमुक पान, तमुक ओळ, अमुक कॉलम. फाइल बदलत नाही तोवर हे छान चालतं. वर एक परिच्छेद वाढला की खालचं सगळं सरकतं.

एक्सेलमध्ये हे नीट दिसतं. समजा, सोसायटीच्या खजिनदारांची एक हिशोबाची फाइल आहे. सेक्रेटरींनी आपल्या फाइलमध्ये त्यातला 'बी १२' हा रकाना जोडून घेतला, कारण तिथे देखभाल खर्चाची एकूण रक्कम आहे. दोन्ही फाइल एकाच वेळी उघड्या असताना खजिनदारांच्या फाइलमध्ये वर एक ओळ वाढवली, तर एक्सेल जोडणी आपोआप 'बी १३' करतं. पण सेक्रेटरींची फाइल बंद असताना ती ओळ वाढली, तर जोडणी 'बी १२' वरच अडकून राहते. आता तिथे वरची भलतीच रक्कम आलेली असते. लाल खूण नाही, इशारा नाही. आकडा दिसतो आणि तोच वार्षिक सभेत वाचला जातो.

गुगल शीट्समध्ये दुसऱ्या शीटमधून माहिती ओढणारं 'इम्पोर्टरेंज' हे फंक्शनही रकान्याचा पत्ता साधा मजकूर म्हणून धरून ठेवतं. मूळ शीटमध्ये ओळी वाढल्या तरी तो पत्ता बदलत नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक, मूळ फाइलमध्ये त्या रकान्याला नाव द्यायचं, उदाहरणार्थ 'एकूण_देखभाल', आणि त्या नावाने जोडणी करायची. रकाना कुठेही सरकला तरी नाव त्याच्यासोबत जातं. दोन, जागेऐवजी ओळखीवरून शोधायचं. फ्लॅट नंबर, पावती क्रमांक, हजेरी क्रमांक असा न बदलणारा रकाना धरून 'लुकअप' लावायचं. वर्गात "तिसऱ्या बाकावरचा मुलगा" म्हणण्यापेक्षा हजेरी क्रमांक सांगणं बरं, तसंच हे.

कोर्टांनीही पान क्रमांकावरची भिस्त कमी केली आहे. एकच निकाल वेगवेगळ्या प्रकाशनांच्या खंडांत वेगवेगळ्या पानांवर छापला जातो. त्यामुळे भारताच्या सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये 'न्यूट्रल सायटेशन' सुरू केलं. वर्ष, कोर्टाची खूण आणि क्रमांक मिळून निकालाची स्वतःची ओळख तयार होते. मुंबई हायकोर्टाच्या निकालांनाही आता असे क्रमांक असतात. निकालातली नेमकी जागा परिच्छेद क्रमांकाने सांगितली, की पुस्तक कोणतंही असो, सगळे एकाच ठिकाणी पोहोचतात.

शब्दांनाच खूण करायची

ज्या फाइलमध्ये परिच्छेदांना क्रमांक नाहीत आणि तुम्हाला ते देताही येत नाहीत, तिथे काय? तिथे शब्द हीच खूण.

वेबचे नियम ठरवणाऱ्या 'डब्ल्यूथ्रीसी' या संस्थेने २०१७ मध्ये वेबपानांवरच्या टिपणांसाठी एक मानक जाहीर केलं. त्यातली एक पद्धत अशी: निवडलेलं वाक्य जसंच्या तसं साठवायचं, शिवाय त्याच्या आधीचे थोडे शब्द आणि नंतरचे थोडे शब्दही साठवायचे. पानावर वर-खाली काहीही वाढलं तरी हे वाक्य शोधून काढता येतं. तेच वाक्य पानावर दोनदा आलं असेल, तर आजूबाजूच्या शब्दांवरून नेमकं कोणतं ते कळतं.

'हायपोथिसिस' नावाचं टिपणांचं साधन याच पद्धतीवर चालतं. मजकुरात थोडा बदल झाला असेल, तर ते जवळात जवळची जुळणारी जागा शोधतं. काहीच जुळलं नाही, तर टिपण पुसत नाही आणि भलत्या ओळीलाही चिकटवत नाही. ते 'अनाथ' म्हणून वेगळं ठेवतं. ही वागणूक लक्षात ठेवण्यासारखी आहे. चुकीची जागा आत्मविश्वासाने दाखवण्यापेक्षा "सापडलं नाही" असं सांगणारा संदर्भ केव्हाही चांगला.

क्रोममध्येही अशी सोय आहे. वेबपानावरचं वाक्य निवडून त्या वाक्याचीच लिंक कॉपी करता येते. समोरच्याने ती उघडली की पान थेट त्या वाक्यापाशी जातं आणि वाक्य रंगवलेलं दिसतं. ते वाक्य पानावरून काढून टाकलं असेल, तर नुसतं पान उघडतं. तेव्हा समजावं की मजकूर बदललाय.

आवृत्ती गोठवणं

शब्द सापडले तरी "केव्हाचे?" हा प्रश्न उरतोच.

विकिपीडियाने याचं उत्तर तयार ठेवलंय. मराठी विकिपीडिया २००३ पासून सुरू आहे आणि तिथलं पान कुणीही संपादित करू शकतं. पण प्रत्येक बदलानंतरची आवृत्ती इतिहासात जपली जाते आणि तिला स्वतःचा क्रमांक असतो. साधनांच्या यादीत 'शाश्वत दुवा' हा पर्याय असतो. तो दुवा दिला की वाचणाऱ्याला आजचीच आवृत्ती दिसेल, उद्या लेख कितीही बदलला तरी. एकच मेख आहे: जुन्या आवृत्तीतही चित्रं आणि साचे आजचेच दिसतात. मजकूर गोठतो, सजावट गोठत नाही.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचं 'गिटहब' हेच शिकवतं. तिथल्या कोडच्या ओळीची साधी लिंक चालू शाखेकडे नेते आणि शाखा रोज बदलते. म्हणून अनुभवी लोक लिंक देण्याआधी कीबोर्डवरचं 'वाय' हे बटण दाबतात. त्याने लिंकमध्ये शाखेच्या नावाऐवजी त्या क्षणाच्या आवृत्तीचा ओळख क्रमांक येतो आणि ओळ जागची हलत नाही. शोधनिबंधांच्या 'अर्काइव्ह' या भांडारातही दुरुस्त निबंध नव्या आवृत्ती क्रमांकाने येतो आणि जुना तिथेच राहतो.

शोधनिबंधांना मिळणाऱ्या 'डीओआय' क्रमांकाबद्दल मात्र एक गैरसमज असतो. प्रकाशकाची वेबसाइट बदलली तरी डीओआय नव्या पत्त्यावर नेतो. त्यामुळे लिंक मरत नाही. पण तो मजकूर गोठवतोच असं नाही. पत्ता टिकणं आणि मजकूर टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा विषय मराठीला नवा नाही. ज्ञानेश्वरी १२९० ची. पुढच्या तीनशे वर्षांत नकला करताना तिच्यात पाठभेद शिरले. १५८४ मध्ये संत एकनाथांनी पोथ्या तपासून शुद्ध प्रत तयार केली आणि यापुढे कुणी त्यात पदरची ओवी घालू नये, अशी सक्त ताकीदही शेवटी लिहून ठेवली. तरीही आजच्या छापील प्रतींमध्ये ओव्यांची संख्या आणि क्रमांक सगळीकडे जुळत नाहीत. म्हणून अभ्यासक अध्याय आणि ओवी सांगताना प्रत कोणती, हेही सांगतात.

गुगल ड्राइव्हवरची पीडीएफ 'फिक्स' असते का?

नसते. ड्राइव्हवर पीडीएफ ठेवणारी व्यक्ती तिच्या जागी नवी आवृत्ती चढवू शकते आणि लिंक तीच राहते. जुनी आवृत्ती ३० दिवसांनी किंवा १०० नव्या आवृत्त्या झाल्यावर पुसली जाऊ शकते. ती कायम ठेवायचा पर्याय वेगळा निवडावा लागतो.

गुगल डॉक्समध्ये जुन्या आवृत्त्या दिसतात, पण संपादनाचा अधिकार असेल तरच. फक्त वाचायची परवानगी असलेल्याला इतिहास दिसत नाही. म्हणजे ज्याला फसवलं जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त, त्याच्याकडेच तपासायचं साधन नसतं. नियम, वेळापत्रक, शर्ती अशा महत्त्वाच्या डॉकची प्रत वाचल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवावी, ती याचसाठी.

हा तोच आहे का? फाइलचा ठसा

दोन फाइल तंतोतंत सारख्या आहेत का, हे तपासायचं साधन म्हणजे हॅश. त्याला फाइलच्या अंगठ्याचा ठसा म्हणता येईल. फाइलवर गणिती प्रक्रिया करून आकडे आणि अक्षरांची एक ठरावीक लांबीची ओळ निघते. 'एसएचए २५६' या पद्धतीत ती ६४ अक्षरांची असते. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी पूर्ण ओळ बदलते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात याला जागा मिळाली आहे. कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना जोडायच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश नोंदवायचा असतो. म्हणजे मोबाइलमधली क्लिप किंवा पीडीएफ कोर्टात नेताना "ही तीच फाइल" हे नुसत्या शब्दावर सांगून भागत नाही.

एक व्यवहारातली गोष्ट: व्हॉट्सॲपवर फोटो 'फोटो' म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो. दिसायला तोच, पण फाइल वेगळी आणि हॅशही वेगळा. पुराव्याचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा आणि मूळ फाइल फोनमधून पुसू नये.

स्वतंत्र प्रत ठेवणं

वरचे सगळे उपाय मूळ फाइल जिवंत असेपर्यंतचे. तीच काढून टाकली तर? म्हणून प्रत लागते आणि ती तिसऱ्याच जागी असलेली बरी.

'इंटरनेट अर्काइव्ह' ही संस्था १९९६ पासून वेबपानं जपते. तिच्या 'वेबॅक मशीन'मध्ये कुठल्याही सार्वजनिक पानाची लिंक टाकून त्या क्षणाची प्रत साठवता येते. त्या प्रतीच्या लिंकमध्ये तारीख आणि वेळ असते. हार्वर्ड लॉ स्कूलच्या ग्रंथालयाने २०१३ मध्ये 'पर्मा' ही सेवा वकील आणि अभ्यासकांसाठीच सुरू केली. त्याच सुमाराच्या हार्वर्डच्या अभ्यासात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांमधल्या सुमारे निम्म्या लिंकवर मूळ मजकूर सापडत नव्हता.

पण याही प्रतींना मर्यादा आहेत. लॉगिन लागणारी पानं, खासगी ग्रुप, बंद डॉक्स तिथे साठवता येत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट अर्काइव्हवर सायबर हल्ला झाला आणि सेवा काही दिवस बंद होती. म्हणून एकाच जागेवर विसंबू नये.

सोशल मीडियावर काय होतं?

- व्हॉट्सॲप: पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो. त्यावर 'एडिटेड' असं दिसतं, पण आधी काय लिहिलं होतं ते दिसत नाही.
- फेसबुक: पोस्ट नंतर कधीही बदलता येते. तुम्ही शेअर केलेली पोस्ट मूळ लेखकाने बदलली, तर तुमच्या भिंतीवरही बदललेला मजकूर दिसतो. 'एडिट हिस्ट्री' उघडून जुना मजकूर पाहता येतो.
- यूट्यूब: व्हिडिओची फाइल त्याच लिंकवर बदलता येत नाही, पण शीर्षक बदलता येतं आणि मधला भाग कापताही येतो. सुरुवातीची दोन मिनिटं कापली तर "४ मिनिटं १० सेकंद" भलतीकडे नेतं. म्हणून वेळेसोबत तिथे बोललेलं वाक्यही लिहावं.
- स्क्रीनशॉट: तो बदलत नाही, पण तो बनवताही येतो. एकटा स्क्रीनशॉट पुरावा नव्हे. त्याच्यासोबत लिंक आणि तारीख हवी.

फाइल तुमच्याच हातात असेल तर?

आपणही कुणाच्या तरी संदर्भातले 'इतर' असतो. आपल्या फाइलवर दहा जणांनी बोट ठेवलेलं असतं आणि आपल्याला ते माहीतही नसतं.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलं होतं की चांगले वेबपत्ते बदलत नाहीत; पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसं ते बदलतात. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टालाही हा धडा घ्यावा लागला. निकाल जाहीर झाल्यावर त्यात गाजावाजा न करता दुरुस्त्या होतात, हे हार्वर्डचे प्राध्यापक रिचर्ड लाझारस यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं. २०१५ पासून कोर्टाने अशा दुरुस्त्या वेबसाइटवर तारखेसह दाखवायला सुरुवात केली. निकालात उल्लेख केलेल्या वेबपानांच्या प्रतीही कोर्ट आता स्वतःच्या साइटवर ठेवतं.

सामान्य माणसासाठी याचा अर्थ इतकाच: फाइलच्या वर 'शेवटचा बदल' आणि तारीख लिहा. चूक गुपचूप पुसू नका, काय बदललं ते खाली नोंदवा. फाइल हलवली तर जुन्या जागी नव्या जागेची चिठ्ठी ठेवा. जुना क्रमांक नव्या मजकुराला पुन्हा देऊ नका.

थोडक्यात, पुढच्या वेळी हवाला देताना

- दस्तऐवजाचं नाव आणि क्रमांक लिहा, नुसती लिंक नको.
- पाहिल्याची तारीख लिहा. आवृत्तीची लिंक मिळत असेल तर तीच द्या.
- ज्यावर तुमचं म्हणणं उभं आहे ते वाक्य जसंच्या तसं लिहा.
- पान क्रमांकासोबत परिच्छेद क्रमांक किंवा मथळाही सांगा.
- पान सार्वजनिक असेल तर वेबॅक मशीनमध्ये साठवा. खासगी असेल तर स्वतःकडे प्रत ठेवा.
- पैसा, जमीन, परीक्षा किंवा पोलिसांचा संबंध असेल तर मूळ फाइल न छेडता जपा.

शेतकऱ्याला अनुदान नाकारलं जातं, विद्यार्थ्याला "असा नियम नव्हताच" असं सांगितलं जातं, भाडेकरूला बदललेल्या शर्ती दाखवल्या जातात. अशा वेळी "मी लिंक पाहिली होती" याला काही वजन नसतं. कोणता कागद, कोणत्या तारखेचा, त्यातलं कोणतं वाक्य आणि त्याची प्रत कुठे आहे, हे सांगता आलं तर समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.